नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून परदेशी निघताना

● नागपूर आणि ५जी : एअरटेलने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या आठ शहरांत ५जी सुरू केले, त्यांत नागपूर होते.

● परदेशात उतरल्यावर : तिथले नेटवर्क तुमच्या सिमची खात्री भारतातील कंपनीकडून करून घेते. दोघांत ५जी रोमिंगचा करार नसेल, तर नागपुरात ५जीवर चालणारा फोन तिथे ४जीवर चालतो.

● वेग मंदावतो, कारण : डेटा बहुधा भारतातील कंपनीमार्गे फिरून येतो.

● अमेरिकेला जाताना : तिथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केले. त्यामुळे आपल्या सिमवर व्होल्टी (४जीवरून कॉल) रोमिंग मिळते का, हे आधी विचारा.

● घरूनच करा : रोमिंग पॅक घ्या. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवरच येतो. ते सिम चालू ठेवा, इंटरनेटसाठी हवे तर तिथले ई-सिम घ्या.