साहाय्यित निवासाची गुणवत्ता : मूल्यमापनाचे काही प्रश्न
(जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात)

दिव्यांग व्यक्तीला निवारा मिळाला म्हणजे तिच्या निवासाचा प्रश्न सुटला, अशी एक समजूत समाजात दीर्घकाळ रूढ आहे. निवाऱ्याची सोय करणाऱ्या संस्थेविषयी समाजाला कृतज्ञता वाटते. आणि जेथे कृतज्ञता असते तेथे चिकित्सा करणे अनेकांना अप्रशस्त वाटते. परिणामतः अन्न, वस्त्र, छप्पर आणि औषध या चार गोष्टींची नोंद झाली की तपासणी संपते. तेथे राहणारी व्यक्ती प्रत्यक्षात कसे जीवन जगते, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. तो शास्त्रशुद्ध रीतीने कसा विचारावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. संकल्पना

‘साहाय्यित निवास’ या संज्ञेने एक विशिष्ट व्यवस्था अभिप्रेत आहे. येथे घर आणि साहाय्य या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या मानल्या जातात. व्यक्ती आपल्या पसंतीच्या घरात, एकटी अथवा दोघाचौघांसमवेत राहते. आणि स्नान, स्वयंपाक, औषधे, पैशांचा हिशेब, प्रवास इत्यादी बाबतींत तिला जेवढे साहाय्य लागते तेवढे तेथे पुरविले जाते. साहाय्य वाढले अथवा घटले म्हणून घर सोडावे लागत नाही. वसतिगृह किंवा आश्रम यांत याच्या उलट असते. तेथे साहाय्य हवे असेल तर निवासही तेथेच करावा लागतो.

या व्यवस्थेस कायद्याचे अधिष्ठान आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 सालच्या दिव्यांग-हक्क संहितेचे एकोणिसावे कलम समाजात स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क सांगते. भारताने 2007 मध्ये या संहितेस अनुमोदन दिले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या पाचव्या कलमात तोच हक्क आला असून, कोणत्याही विशिष्ट निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती व्यक्तीवर होऊ नये, असे तत्त्व त्यात आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 याच्या एकोणिसाव्या कलमाचा आशयही असाच आहे. तत्पूर्वी 1999 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता व बहुविध दिव्यांगता असलेल्या प्रौढांसाठी ‘घरौंदा’ ही समूहनिवासाची योजना आखली होती.

खान्देशात मात्र या शुद्ध स्वरूपातील निवास विरळाच. येथे प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. पहिला, जळगावजवळ सावखेडा शिवारातील ‘आश्रय माझे घर’ यासारखा बौद्धिक दिव्यांगांचा निवास. दुसरा, जळगावातील दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पासारखा, स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासासाठी असलेला मर्यादित काळाचा निवास. तिसरा आणि सर्वांत व्यापक प्रकार म्हणजे स्वतःचे कुटुंब. या तिन्हींचे हेतू भिन्न असल्याने एकाच मोजपट्टीने त्यांची तुलना करणे युक्त नव्हे. परंतु त्यांना विचारावयाचे मूलभूत प्रश्न समान असू शकतात.

२. रचना, प्रक्रिया आणि फलित

वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेचा विचार करताना अॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये तीन स्तर कल्पिले : रचना, प्रक्रिया व फलित. निवासाच्या मूल्यमापनातही ही विभागणी उपयुक्त ठरते.

रचना म्हणजे इमारत, उतार, शौचालय, कर्मचाऱ्यांची संख्या व शिक्षण, नोंदवह्या. हे मोजावयास सोपे आहे. सोपे असल्यामुळेच शासकीय तपासणीत त्याला अवास्तव प्राधान्य मिळते. उतार आहे की नाही, हे पाच मिनिटांत कळते. त्या उतारावरून गेल्या महिन्यात कोण किती वेळा बाहेर गेले, हे कळण्यास परिश्रम पडतात.

प्रक्रिया म्हणजे साहाय्य देण्याची प्रत्यक्ष रीत. येथे निरीक्षण हेच प्रमुख साधन होय. समजा, दुपारी चार ते सहा या दोन तासांत दर पाच मिनिटांनी एका निवासीची स्थिती नोंदविली. अशा चोवीस नोंदींपैकी सहा वेळा ती व्यक्ती भाजी निवडणे, कपडे घडी करणे, संभाषण यांसारख्या अर्थपूर्ण कृतीत गुंतलेली आढळली, तर सहभागाचे प्रमाण पंचवीस टक्के येते. त्याच वेळी कर्मचारी तिच्याशी किती वेळा बोलले, आणि ते बोलणे आज्ञेचे होते की साहाय्याचे, हेही नोंदविता येते. भिंतीवरील दिनक्रमाचा तक्ता आणि ही नोंदवही यांतील अंतर हे प्रक्रियेच्या गुणवत्तेचे एक विश्वसनीय गमक आहे.

फलित म्हणजे व्यक्तीच्या आयुष्यात पडलेला फरक. रॉबर्ट शालॉक व त्यांचे सहकारी यांनी जीवनमानाची आठ क्षेत्रे सांगितली आहेत : भावनिक स्वास्थ्य, परस्परसंबंध, भौतिक स्वास्थ्य, व्यक्तिविकास, शारीरिक स्वास्थ्य, स्वनिर्णय, सामाजिक समावेश आणि हक्क. यांतील स्वनिर्णय व समावेश ही क्षेत्रे संस्थात्मक निवासात सर्वाधिक उपेक्षित राहतात. कारण त्यांच्या अभावाने कोणी आजारी पडत नाही आणि कोणी तक्रारही करीत नाही.

३. साक्ष कोणाची?

निवासाविषयी सर्वांत अधिकाराने बोलू शकेल ती तेथे राहणारी व्यक्तीच. परंतु तिची साक्ष घेण्यात एक सुविदित अडचण आहे. कॅरल सिगेलमन व सहकारी यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, बौद्धिक दिव्यांगता असलेल्या व्यक्ती ‘होय–नाही’ स्वरूपाच्या प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर देण्याकडे झुकतात. ‘येथे आनंदात आहात ना?’ या प्रश्नास मिळालेला होकार म्हणूनच प्रमाण मानता येत नाही. जी व्यक्ती जेवणासाठी व झोपण्यासाठी संस्थेवर सर्वस्वी अवलंबून आहे, तिच्या बाबतीत हा झुकाव भयामुळे अधिकच बळावतो.

याचे उपाय आहेत. तोच प्रश्न काही वेळाने उलट अर्थाने विचारून उत्तरांची संगती पाहता येते. ‘हे की ते’ अशी निवड चित्रांच्या साहाय्याने पुढे ठेवता येते. मुलाखत कर्मचाऱ्यांच्या दृष्टीआड घेता येते. जी व्यक्ती बोलत नाही तिच्या चेहऱ्यावरील भाव, अन्न नाकारणे, विशिष्ट कर्मचारी येताच दूर जाणे यांची पुनःपुन्हा नोंद घेता येते. पालक अथवा काळजीवाहक यांची साक्ष पूरक म्हणून घ्यावी; पर्यायी म्हणून नव्हे.

खान्देशात या अडचणीत भाषेची भर पडते. प्रश्नावली प्रमाण मराठीत असते. उत्तर देणाऱ्याची भाषा अहिराणी, लेवा गणबोली, भिल्ली किंवा पावरी असते. ‘आपण या ठिकाणी समाधानी आहात काय?’ हा प्रश्न शिरपूर किंवा साक्री तालुक्यातील निवासीला परका वाटतो. त्याऐवजी ‘तुले आठे गमस का?’ असे विचारले, तर ‘गमणे’ या क्रियापदात जीव रमण्याचा जो आशय आहे तो थेट पोहोचतो. मापनसाधनाचे भाषांतर करताना या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास जे मोजले जाते ते समाधान नसून केवळ आज्ञाधारकपणा असतो.

४. स्थानिक निकष

स्वीडनच्या बेंग्ट नीर्ये यांनी 1969 मध्ये सामान्यीकरणाचे तत्त्व मांडताना दिवसाच्या, आठवड्याच्या आणि वर्षाच्या सामान्य लयीवर भर दिला. ही लय प्रत्येक प्रदेशात वेगळी असते; म्हणून निकषांचा काही भाग स्थानिकच असावा लागतो.

खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात आणि श्रावणात कानबाई घरोघरी बसते. ज्या निवासीचे कुटुंब हयात आहे, तिला या दिवसांत घरी नेले जाते काय, आणि नेले जात नसल्यास संस्थेने त्यासाठी कोणता प्रयत्न केला, हा सामाजिक समावेशाचा अगदी नेमका प्रश्न ठरतो. ताटात कळण्याची भाकरी येते की नाही, हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु काय शिजवावे यात निवासींचे मत घेतले जाते काय, हा स्वनिर्णयाचा प्रश्न आहे.

दुसरा निकष उन्हाळ्याचा. जळगाव–भुसावळ परिसरात एप्रिल–मे महिन्यांत तापमान 45 अंश सेल्सिअसपलीकडे जाते. वरच्या पातळीवर मज्जारज्जूस इजा झालेल्या व्यक्तीस इजेखालील भागात पुरेसा घाम येत नाही. काही मनोविकारांवरील औषधे घाम कमी करतात. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी घटल्यास त्या औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते. ज्याला स्वतः उठून पाणी घेता येत नाही, त्याला दुपारी किती वेळा पाणी दिले गेले, याची नोंद येथे केवळ सोयीची बाब राहत नाही. हिवाळ्यात केलेल्या तपासणीत हा दोष दिसणारच नाही.

तिसरा निकष स्थलांतराचा. धुळे जिल्ह्याच्या आदिवासी भागातून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. त्या काळात घरातील दिव्यांग व्यक्ती वृद्ध आजीआजोबांकडे राहते, अथवा फडावर नेली जाते. कुटुंबातील साहाय्याचे मूल्यमापन एकाच भेटीवर आधारल्यास वर्षातील निम्मे वास्तव हातून निसटते. म्हणून निदान दोन भेटी, एक उन्हाळ्यात आणि एक तोडणीच्या हंगामात, आवश्यक ठरतात.

५. सातत्याचा प्रश्न

निवासाच्या गुणवत्तेत काळाची मिती महत्त्वाची आहे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांचे संगोपन केले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृहातील वास्तव्य संपते. मात्र बेवारस दिव्यांगांना जाण्यास घरच नसते, यास्तव त्यांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही त्यांची दीर्घकालीन मागणी आहे. जळगाव रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक अंध बालिका तेथेच वाढली आणि 2024 मध्ये राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. अशा यशाचे मोल निःसंशय मोठे आहे. तथापि मूल्यमापकाने हेही ध्यानात ठेवावे की, एका निवासीच्या यशावरून उरलेल्यांच्या दैनंदिन जीवनाचा अंदाज बांधता येत नाही. आणि जिला परीक्षा कधीच देता येणार नाही तिचाही चांगल्या निवासावर तेवढाच हक्क आहे.

कुटुंबातील प्रौढांबाबत हाच प्रश्न ‘आमच्यानंतर काय?’ या रूपाने आईवडिलांपुढे उभा राहतो. म्हणून काळजीवाहकाचे वय, त्याच्या आजारपणातील पर्यायी व्यवस्था आणि पुढील योजना यांची नोंद मूल्यमापनात अवश्य असावी.

६. गुणांकन व अहवाल

अनेक निकषांचे गुण एकत्र करून सरासरी काढण्याची पद्धत भ्रामक ठरू शकते. पाच निवासींपैकी चौघांना दहापैकी नऊ आणि एकास दोन गुण पडले, तर सरासरी 7.6 येते आणि संस्था उत्तम ठरते. ज्याला दोन गुण आहेत तो त्या आकड्यात नाहीसा होतो. बहुधा तोच सर्वाधिक साहाय्याची गरज असलेला, न बोलणारा निवासी असतो. म्हणून सरासरीबरोबर नीचतम गुणही नमूद करावा. मारहाण, कोंडून ठेवणे, बांधणे, संमतीविना उपचार यांसारख्या बाबी गुणांकनाबाहेर ठेवाव्यात; त्यांतील एकही आढळल्यास इतर कोणत्याही गुणांनी तिची भरपाई होऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2012 सालच्या ‘क्वालिटीराइट्स’ साधनातही अत्याचारापासून मुक्तता हा स्वतंत्र विषय मानला आहे.

2016 च्या अधिनियमाच्या नवव्या प्रकरणानुसार दिव्यांगांसाठीच्या संस्थांना नोंदणी आवश्यक आहे. नोंदणी ही किमान पात्रता होय. गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. तपासनीसांच्या पथकात स्वतः दिव्यांग असलेली व्यक्ती असावी, आणि निष्कर्ष निवासींना त्यांच्या भाषेत सांगितले जावेत. अहवाल केवळ शासनाच्या दप्तरी जात असेल, तर ज्यांच्या जीवनाविषयी तो आहे त्यांना त्याचा उपयोग होत नाही.

उपर्युक्त विवेचनावरून संशोधनाची एक दिशा स्पष्ट होते. अहिराणी व पावरी भाषांत निवासींच्या साक्षीचे विश्वासार्ह साधन तयार करणे, दोन ऋतूंतील निरीक्षणांची तुलना करणे आणि कुटुंबातील साहाय्य मोजण्याची रीत बसविणे ही तीन कामे पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील आहेत. ती झाल्यावाचून या दोन जिल्ह्यांतील दिव्यांगांच्या निवासाविषयी केलेले कोणतेही विधान, मग ते प्रशंसेचे असो वा दोषारोपाचे, पुराव्यावाचूनचेच राहील.