विश्लेषण : नाव यादीत, मत मात्र विमानतळापलीकडे! परदेशातील भारतीयांना टपालाने मतदान का करता येत नाही?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ‘परदेशस्थ मतदार’ म्हणून १ लाख १९ हजार ३७४ भारतीयांची नावे मतदार यादीत होती. प्रत्यक्ष मतदान केले ते २,९५८ जणांनी. म्हणजे नाव नोंदवलेल्या दर चाळीस जणांमागे साधारण एकाने. त्यातही २,६७० जण एकट्या केरळचे. उरलेल्या अख्ख्या देशात मिळून तीनशेही नाहीत. निरुत्साह हे याचे कारण असेलही, पण मोठे कारण नियमातच आहे.

मतदानाचा हक्क आहे की नाही?

आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये २०१० साली दुरुस्ती होऊन कलम ‘२० अ’ आले आणि २०११ पासून ते लागू झाले. नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणाने परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला त्याच्या पासपोर्टवर भारतातील जो पत्ता आहे, त्या मतदारसंघात नाव नोंदवता येते. त्यासाठी ‘अर्ज क्रमांक ६ अ’ निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर भरता येतो. अट एकच, पण कळीची : दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नसावे. त्यामुळे अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट हाती आलेल्या आणि ‘ओसीआय’ कार्ड बाळगणाऱ्यांचा प्रश्नच निकालात निघतो. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन युरोपात स्थिरावलेल्या गोवेकरांचेही तेच.

अशा मतदाराला ओळखपत्र दिले जात नाही. मतदानाच्या दिवशी त्याने मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहायचे असते. घोडे अडते ते इथेच.

गेल्या विधानसभा निवडणुकीचे उदाहरण घ्या. महाराष्ट्राचा कार्यक्रम १५ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झाला आणि मतदान होते २० नोव्हेंबरला, बुधवारी. मधे दिवाळी येऊन गेली. सणाला घरी आलेल्याला भाऊबीजेनंतर आणखी अडीच आठवडे रजा वाढवावी लागली असती. नाही तर परत जाऊन पुन्हा विमानाचे तिकीट काढायचे. दुबईहून हे एक वेळ जमेल, न्यू जर्सीहून एका मतासाठी कोण येणार? केरळचा आकडा मोठा दिसतो, कारण आखाती देश जवळ आहेत आणि तिथल्या मल्याळी संघटना निवडणुकीसाठी खास विमाने ठरवण्यापर्यंत मजल मारतात.

मग दूतावासातल्या अधिकाऱ्याला टपालाने मत कसे देता येते?

कारण तो ‘सेवा मतदार’ असतो. सैन्यदलातील जवान आणि परदेशात नेमणुकीवर असलेले सरकारी कर्मचारी या गटात येतात. त्यांच्यासाठी २०१६ पासून ‘ईटीपीबीएस’ ही प्रणाली आहे. निवडणूक आयोगाने ती ‘सी-डॅक’च्या मदतीने तयार केली. मतपत्रिका ऑनलाइन जाते, पण मत ऑनलाइन परत येत नाही, ही तिची मुख्य खूण. मतदार ओटीपी वापरून फाइल उतरवून घेतो, वेगळा मिळालेला पिन टाकून ती उघडतो आणि छापतो. पसंतीच्या उमेदवारापुढे खूण करून मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात घालतो. साक्षांकित प्रतिज्ञापत्र जोडून दोन्ही बाहेरच्या लिफाफ्यात जातात आणि पुढचा प्रवास टपालाने होतो. मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठपर्यंत लिफाफा पोहोचला तरच तो धरला जातो. तिथे क्यूआर कोड स्कॅन करून एकाच मतदाराचे दोन लिफाफे तर आले नाहीत ना, हे तपासतात.

ही पद्धत चालते, हे सिद्ध झाले आहे. २०१९ मध्ये १८ लाखांवर सेवा मतदार होते आणि १० लाख ८४ हजारांहून अधिक मतपत्रिका परत आल्या. सीमेवरच्या चौकीतून मत येऊ शकते, तर सिंगापूरमधल्या फ्लॅटमधून का नाही, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

आतापर्यंत काय प्रयत्न झाले?

अबूधाबीतील डॉ. शमशीर व्ही. पी. यांच्यासह काही जणांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्या होत्या. केंद्राने आधी वेगळी वाट धरली : प्रतिनिधीमार्फत मतदान. जवानांना ही सोय आधीपासून आहे. प्रतिनिधीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात, म्हणजे त्याचे स्वतःचे मत शाबूत राहते. हीच सोय परदेशस्थांना देणारे विधेयक ९ ऑगस्ट २०१८ रोजी लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत मंजूर होण्याआधीच सोळावी लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले. ते बारगळले याचे फार वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. घरातल्या कर्त्या माणसाने सगळ्यांची मते ‘देऊन टाकण्याचा’ धोका त्यात होताच.

नोव्हेंबर २०२० मध्ये निवडणूक आयोगाने विधी मंत्रालयाला पत्र लिहून ‘ईटीपीबीएस’ परदेशस्थ मतदारांनाही देण्याची तांत्रिक तयारी कळवली. २०२१ च्या केरळ, तमिळनाडू, पश्चिम बंगाल, आसाम, पुदुच्चेरीच्या निवडणुका त्यात डोळ्यांसमोर होत्या. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती नको, निवडणूक नियमांत बदल पुरे होता. तो झाला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये, केंद्राच्या आश्वासनानंतर, सर्वोच्च न्यायालयाने याचिका निकाली काढल्या.

अडचण सॉफ्टवेअरची कमी आणि शिक्क्याची जास्त आहे. आयोगाच्या प्रस्तावात प्रतिज्ञापत्रावर भारतीय दूतावासाने नेमलेल्या अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते. सैन्याच्या तुकडीत अधिकारी शेजारीच असतो. आखातात मात्र लाखो भारतीय कामगार, मोजके दूतावास आणि दोन-तीन आठवड्यांची मुदत. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात असलेल्या मजुराचे मत खरोखर त्याचेच, हे कोण पाहणार?

इतर देश हे कसे जमवतात? पुण्यात राहणारा अमेरिकी नागरिक एक अर्ज भरून आपल्या राज्याची मतपत्रिका मागवतो. संघीय निवडणुकीत ती मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी पाठवण्याचे बंधन तिथे कायद्यानेच आहे. पोर्तुगालच्या संसदेत परदेशस्थ नागरिकांसाठी चार जागा आहेत. म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये राहणारा गोवेकर लिस्बनसाठी टपालाने मत देतो. त्याचा भारतीय पासपोर्टवरचा शेजारी पणजीसाठी देऊ शकत नाही.

घरच्या यादीत जुने नाव तसेच असेल तर?

बहुतेक घरांत हेच असते. मुलगा पाच वर्षे जर्मनीत आणि नाव गल्लीतल्या यादीत. पण सर्वसाधारण यादीसाठी तिथला रहिवास लागतो, म्हणून ‘६ अ’ भरून जुने ओळखपत्र परत करणे हा योग्य मार्ग. दोन्हीकडे नाव ठेवणे बेकायदा आहे आणि अर्जात खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कायमचे परत आल्यावर ‘अर्ज क्रमांक ६’ भरून पुन्हा सर्वसाधारण मतदार होता येते.

आणि ‘एनआरआय आता ऑनलाइन मत देऊ शकतात’ असा संदेश व्हॉट्सॲपवर आला, तर तो पुढे पाठवू नये. २०१९ मध्ये अशाच संदेशाबद्दल आयोगाने दिल्ली पोलिसांकडे तक्रार केली होती.