खिन्न मन आणि आजारी हृदय

मराठीत मन आणि हृदय हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. कोकणीत तर दुःखाचा बोल थेट काळजालाच लागतो. रुधिराभिसरणाचा शोध १६२८ साली जगापुढे मांडणाऱ्या विल्यम हार्वेनेही मनाचे क्षोभ हृदयापर्यंत पोहोचतात, असे नमूद करून ठेविले आहे. प्रत्यक्ष मोजदाद मात्र फार उशिरा झाली.

कॅनडातील माँट्रियल येथे नॅन्सी फ्रेझर-स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २२२ रोग्यांची मनःस्थिती तपासली. त्यांपैकी ३५ जण खिन्नतेच्या विकाराने, म्हणजे डॉक्टर ज्यास डिप्रेशन म्हणतात त्याने, ग्रस्त होते. सहा महिन्यांत या खिन्न रोग्यांपैकी शेकडा सुमारे १७ दगावले. इतरांपैकी अवघे ३. हा वृत्तांत १९९३ साली प्रसिद्ध झाला.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, 'ज्यांचे हृदय अधिक दुबळे, तेच अधिक खिन्न असतील. मग दोष खिन्नतेचा कसा?' शंका रास्त आहे. संशोधकांनी हृदयाच्या दुर्बलतेचा हिशेब वेगळा काढला, तरीही फरक उरलाच.

हे घडते कसे? खिन्नता म्हणजे परीक्षेत नापास झाल्यावरची दोन दिवसांची हुरहुर नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप उडते, अन्नावरची वासना जाते, कशातच गोडी राहत नाही. अशा वेळी शरीर जणू सतत संकटाच्या पवित्र्यात असते. कॉर्टिसॉल हा स्राव वाढतो, रक्तातील बिंबिका लवकर चिकटतात, रक्तवाहिन्यांचा दाह बळावतो. शिवाय असा माणूस औषध चुकवितो, फिरणे सोडतो, विडी मात्र सोडत नाही. माझ्या मते हे दुसरे कारणही पहिल्याइतकेच घातक. पण आपण ते 'आळस' म्हणून सोडून देतो.

उपचाराने काय साधते? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात २,४८१ रोगी होते. मानसोपचाराने त्यांची खिन्नता काहीशी ओसरली; परंतु मृत्यू किंवा पुन्हा येणारे झटके त्यामुळे कमी झाले नाहीत. निष्कर्ष निराशाजनक खरा. तथापि रोग्याचे दिवस सुसह्य होणे, ही काय थोडी गोष्ट आहे?

इस्पितळातून परतलेले आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, तेव्हा घरची माणसे म्हणतात, 'एवढ्या दुखण्यानंतर असे व्हायचेच.' डॉक्टर छातीतील कळेविषयी विचारतात आणि आजोबा 'बरा आहे' म्हणतात. रात्र रात्र ते जागे असतात, हे त्या खोलीत निजणाऱ्या नातवालाच ठाऊक असते. त्याने ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.