उन्हाने उललेली होडी

उथळ पाण्यातल्या मासेमारीच्या होडीचा तळ सपाट असतो. समुद्रातल्या होडीचा तळ खाली निमुळता होत जातो, त्यामुळे ती लाट कापते. पण धरणाच्या काठालगतच्या गुडघाभर पाण्यात अशी होडी लगेच चिखलात रुतेल. सपाट तळाचा हिशेब सोपा आहे. साडेचार मीटर लांब आणि सरासरी एक मीटर रुंद तळ एक सेंटिमीटर पाण्यात बुडाला की सुमारे 45 किलो भार तोलला जातो. होडी, दोन माणसे आणि ओले जाळे मिळून 300 किलो धरले, तर ती जेमतेम सात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे बुडते. तेवढ्या पाण्यात ती तरंगत राहते आणि बांबूने रेटत पुढे नेता येते.

बीड जिल्ह्यात अशा होडीची खरी गरज माजलगाव आणि मांजरा या दोन मोठ्या धरणांवर आणि उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीवर पडते. माजलगावचे धरण सिंदफणेवर आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले हे धरण असून पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणीही त्यात येते. पाणी उतरू लागले की सपाट जमिनीवरून काठ झपाट्याने मागे सरकतो. गाळाची जमीन उघडी पडते आणि पाण्याखालचे बाभळीचे बुडखे व दगड होडीच्या तळाशी येतात. भोई समाजातले मच्छीमार रोहू, कटला, मृगळ, मरळ, चिलापी अशा माशांसाठी याच उथळ पट्ट्यात जाळी पसरतात. ज्यांच्याकडे होडी नाही ते थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. जुनी होडी मोडीत न काढता दुरुस्त करणे महत्त्वाचे ठरते ते याच कारणाने: होडीच्या तुलनेत तराफा वाऱ्यात फार असुरक्षित असतो.

लाकडी होडीचा इथला मुख्य शत्रू कोरड आहे. समुद्रात लाकूड पोखरणारी शिंपल्याच्या जातीची कीड असते, ती गोड्या पाण्यात त्रास देत नाही. पण बीडमध्ये होडी अनेकदा पाण्याविना महिनोन्महिने उन्हात पडून राहते. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; अशा वर्षी धरणावरच्या होडीची फळी सुकते, आकसते, उलते, आणि दोन फळ्यांच्या मधल्या सांध्यातून पलीकडचा उजेड दिसू लागतो.

इथेच सर्वांत महागडी चूक होते. कोरड्या होडीचे फाकलेले सांधे पाहून माणूस त्यांत काथ्या, कापूस, डांबर ठासून भरतो. पुढे होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात. सांध्यात फुगायला जागाच नसल्याने त्या एकमेकींना रेटतात, खिळे उपसतात, कधी आतली आडवी बाभळीची फासळीही तडकते. म्हणून आधी होडी उथळ पाण्यात बुडवून ठेवायची, नाहीतर आत पाणी भरून, ओली पोती टाकून काही दिवस भिजू द्यायची. बहुतेक सांधे आपोआप मिटतात. त्यानंतरही जे गळत राहतात तेवढेच बुजवावेत. सबुरीचे हे काम पैशाच्या कामाहून जास्त उपयोगी पडते.

भिजवण्याआधी तपासणी मात्र कोरड्यातच करावी. दाभण घेऊन फळी टोचत जावे. जिथे ती लोण्यासारखी आत शिरते तिथे लाकूड कुजलेले आहे. हातोडीने ठोकल्यावर निकोप लाकूड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. कूज बहुधा बाहेरून न लागता आतून लागते. पावसाचे पाणी होडीत साचते, पानगळ कुजते आणि फासळीच्या मुळाशी ओल टिकून राहते. गोड्या पाण्यात हे जास्त होते, कारण समुद्राच्या मिठाने लाकडाची जी थोडीफार राखण होते ती इथे नसते. कुजलेला भाग पुढेमागे निकोप लाकूड लागेपर्यंत कापून काढावा. नवा तुकडा शक्यतो त्याच जातीच्या, मुरलेल्या लाकडाचा असावा आणि जोड तिरका कापावा. बाभळीत टॅनिन भरपूर असते. त्यात साधा लोखंडी खिळा मारला की भोवती काळा डाग पडतो आणि खिळा व लाकूड दोन्ही खंगत जातात. तांब्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे महाग वाटले, तरी दर दोन वर्षांनी होडी उपसण्यापेक्षा ते परवडतात.

दुसरा मार्ग फायबरचे आवरण चढवण्याचा. काचतंतूची चटई आणि रेझिन यांचे थर लाकडावर बसवले की सांध्यांचा प्रश्न मिटतो. यासाठी लाकूड पूर्ण कोरडे हवे. म्हणजे एरवी नडणारा बीडचा उन्हाळा इथे उपयोगी पडतो. मात्र पारा चाळिशीपार असताना रेझिन डब्यातच घट्ट होते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर कमी घालावा (इपॉक्सीत त्याचे प्रमाण बदलू नये) आणि काम पहाटे उरकावे. साग तेलकट असतो. तो ॲसिटोनने पुसून घेतल्याशिवाय रेझिन चिकटत नाही. लाकडावर स्वस्तातल्या पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी रेझिनची पकड जास्त टिकते. आवरण केवळ बाहेरून चढवणे धोक्याचे, कारण आतून ओल शिरून लाकूड फुगले की काचेचा थर सुटतो. आतली बाजूही रेझिनने बंद करावी लागते.

पत्र्याच्या होडीचे दुखणे वेगळे: वजन आणि गंज. 1.6 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. गंजाने पातळ झालेल्या जागी नवा तुकडा वेल्डिंगने लावून आतून-बाहेरून प्रायमर मारला की काम भागते.

दुरुस्तीनंतर आपल्या सोयीचे बदल. तळाला लांबीच्या दिशेने सागाच्या दोन-तीन पट्ट्या ठोकाव्यात; दगडाचा, बुडख्याचा ओरखडा त्या झेलतात आणि झिजल्या की बदलता येतात. काठावरचा प्रत्येक खिळा, प्रत्येक कुसळ घासून गुळगुळीत करावे, कारण नायलॉनचे जाळे एवढ्याशा टोकात अडकून फाटते. फायबरची किंवा पत्र्याची होडी पाणी भरल्यावर बुडते, म्हणून दोन्ही टोकांच्या बैठकीखाली बंद कप्पे करून थर्माकोल भरावे. एक घनफूट थर्माकोल साधारण 27 किलो भार तोलते. पॉलिएस्टर रेझिन लागले तर थर्माकोल विरघळते. त्याला आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळावे. इंजिन बसवायचे झाल्यास मागची फळी दुप्पट जाड करावी आणि पुढे वजन ठेवून तोल साधावा. यंत्रावर चालणाऱ्या होडीला 2021 चा अंतर्देशीय जहाजांचा कायदा लागू होतो. उथळ, बुडख्यांच्या पाण्यात पंखा सारखा अडकतो. माजलगावसारख्या धरणाच्या काठाला बांबू आणि वल्हेच जास्त भरवशाचे.

पाणी आटल्यावर लाकडी होडी उघड्या गाळात सोडू नये. दोन ओंडक्यांवर पालथी घालून, दाट सावलीत, वर पाचटाचा थर देऊन अधूनमधून पाणी शिंपडत ठेवलेली होडी जूनमध्ये फार न उललेली सापडते.