उच्च प्राथमिक वर्गांतील धर्म आणि विज्ञान : काही वर्गोपक्रम व गृहपाठ

इयत्ता सहावी ते आठवी या तीन वर्षांत मुलाच्या वाट्याला एक चमत्कारिक अनुभव येतो. चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची छाया चंद्रावर पडणे, हे उत्तर तो शाळेत लिहितो व त्यास गुणही मिळतात. त्याच ग्रहणाच्या दिवशी घरी वेध पाळले जातात, शिजविलेल्या अन्नावर तुळशीचे पान ठेवले जाते आणि मोक्षानंतर स्नान होते. ही दोन जगे एकमेकांशी बोलत नाहीत, व ती बोलावीत असे कोणी त्यास सुचवीतही नाही. परिणामी मूल दोन उत्तरे शिकते : एक परीक्षेचे व एक घरचे. या द्विधा वृत्तीने धर्माचे वा विज्ञानाचे कितपत नुकसान होते हा प्रश्न वेगळा. परंतु मुलाच्या सचोटीचे नुकसान होते, यात संशय नाही. हे नुकसान टाळण्यासाठी शिक्षकाला वर्गात व गृहपाठात काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शिक्षकाच्या अधिकाराची मर्यादा पाहू. भारतीय संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार संपूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य वा अनुदानित संस्थेत ते दिले जात असल्यास विद्यार्थ्यावर त्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. दुसऱ्या बाजूस, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या एक्कावन्न-क या अनुच्छेदात वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. या दोहोंमध्ये विसंगती आहे, असे काही शिक्षकांस वाटते व ते धर्माचा उल्लेखच टाळतात. तसे करण्याचे कारण नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'धार्मिक शिक्षण' व 'धर्मांविषयीचे शिक्षण' यांत स्पष्ट भेद केला आणि दुसऱ्यास अभ्यासक्रमात स्थान असावे, असे मत दिले. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्याच्या निकालात धर्मांचा अभ्यास अठ्ठाविसाव्या अनुच्छेदास बाधक नाही, असे ठरविले. म्हणजे कोणत्या धर्माचे अनुयायी काय मानतात व का मानतात, हे वर्गात सांगता येते. काय मानावे हे मात्र सांगता येत नाही.

येथे विधानांचे वर्गीकरण उपयोगी पडते, आणि तोच आपला पहिला वर्गोपक्रम होय. शिक्षकाने फळ्यावर तीन स्तंभ आखावेत. पहिल्यात मोजून वा पाहून ज्यांचा निर्णय करता येतो अशी विधाने, दुसऱ्यात केवळ आचार सांगणारी, आणि तिसऱ्यात मूल्य वा अर्थ सांगणारी विधाने. 'ग्रहणकाळात ठेवलेले अन्न लवकर नासते' हे पहिल्या स्तंभात जाईल. 'आमच्या घरी ग्रहणात जेवत नाहीत' हे दुसऱ्यात. 'संकटकाळी दान करावे' हे तिसऱ्यात. मुलांनी आपापली विधाने कागदावर नाव न घालता लिहून द्यावीत व वर्गाने ती योग्य स्तंभात घालावीत. काही विधानांवर वाद होईल. तो होऊ द्यावा. एकाच वाक्यात आचार व दावा दोन्ही मिसळलेले असतात, हे मुलांच्या ध्यानी आले की तासिकेचे काम झाले. विज्ञान पहिल्या स्तंभाविषयी बोलते, दुसऱ्याचे वर्णन करते आणि तिसऱ्याविषयी एकट्याने निर्णय देऊ शकत नाही, एवढा विवेक बारा वर्षांच्या मुलास पेलतो.

दुसरा उपक्रम महिनाभराचा गृहपाठ आहे. त्यास साहित्य म्हणून घरच्या भिंतीवरील पंचांगयुक्त दिनदर्शिका व स्वतःची मूठ एवढे पुरते. हात लांब केला असता मुठीची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. शुक्ल द्वितीया-तृतीयेपासून पौर्णिमेपर्यंत रोज सूर्यास्ताच्या सुमारास चंद्र मावळत्या सूर्यापासून किती मुठी दूर आहे, हे मुलाने मोजावे व शेजारी त्या दिवसाची तिथी लिहावी. चंद्र व सूर्य यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते, ही व्याख्या शिक्षकाने आधी सांगू नये. मुलांच्या तक्त्यांवरून ती काढून घ्यावी. चंद्राची गती सम नसल्याने तिथीचा काळ सुमारे १९ तासांपासून २६ तासांपर्यंत कमीअधिक होतो, आणि म्हणूनच एखादी तिथी क्षय पावते तर एखादी दोन सूर्योदयांस सापडते. जी संज्ञा घरात केवळ उपवासाशी निगडित होती, ती आकाशातील कोनाचे माप आहे, हे कळल्यावर मुलास आजीच्या पंचांगाविषयी तुच्छता वाटत नाही, उलट जिज्ञासा वाटते.

याच गृहपाठाचा विस्तार सर्वधर्मीय वर्गात विशेष फलदायी होतो. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, बारा मासांचे सुमारे ३५४ दिवस. सौर वर्षाहून ते सुमारे ११ दिवसांनी लहान. हा फरक भरून काढण्यासाठी सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास धरला जातो व दिवाळी शरद ऋतूच्या आसपास राहते. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. म्हणून रमजान ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते व साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढील रविवारी ईस्टर असतो. ही पौर्णिमाही गणिताने ठरविलेली असते. पारशी समाजातील शहेनशाही वर्ष ३६५ दिवसांचे असून त्यात लीप दिवस नाही. त्यामुळे त्यांचे नववर्ष आज ऑगस्टच्या मध्यास येते. गेल्या दहा वर्षांतील या सणांच्या तारखा जुन्या दिनदर्शिकांतून काढून मुलांनी आलेख काढावा. कोणाची गणना खरी हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. एकच चंद्र व एकच सूर्य यांच्याशी निरनिराळ्या समाजांनी निरनिराळे करार केले आहेत, एवढेच दिसते.

तिसरा उपक्रम मकरसंक्रांतीचा. संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते असे घरोघर म्हणतात, आणि हे विधान आपल्या पहिल्या स्तंभातील आहे. एक मीटर लांबीची काठी पटांगणात लंब रोवून १ डिसेंबरपासून २० जानेवारीपर्यंत तिची माध्यान्हीची, म्हणजे त्या दिवसाची सर्वांत आखूड, छाया मोजावी. पुण्यासारख्या ठिकाणी २२ डिसेंबरच्या सुमारास ही छाया ९० सेंटिमीटरच्या जवळपास येते व १४ जानेवारीस ८४ सेंटिमीटरच्या आसपास उतरते. म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळून तीन आठवडे लोटलेले असतात. मग परंपरा खोटी काय? येथेच शिक्षकाने घाई करू नये. पृथ्वीच्या अक्षाच्या मंद भ्रमणामुळे संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. सतराशेहून अधिक वर्षांपूर्वी सूर्याचा मकर राशीतील प्रवेश व उत्तरायणाचा आरंभ एकाच सुमारास होत असत. तेव्हाचे निरीक्षण अचूक होते; पुढे राशी ताऱ्यांशी बांधलेल्या राहिल्या आणि ऋतू सरकले. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात हाच प्रश्न विचारात घेतला होता, व २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सायन मानावर आधारलेली आहे. जुने ज्ञान मुळात चुकीचे नव्हते, ते पुन्हा तपासले गेले नाही, हा धडा मुलास कोणत्याही व्याख्यानापेक्षा ती काठी अधिक चांगला देते.

आता ग्रहणाकडे वळू. ७ सप्टेंबर २०२५ रोजी, भाद्रपद पौर्णिमेच्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसण्याजोगे होते. खग्रास अवस्था सुमारे ८२ मिनिटे टिकली. अशा प्रसंगी दर पंधरा मिनिटांनी चंद्रबिंबाचे चित्र काढणे हा उत्तम गृहपाठ होय. छायेची कड प्रत्येक चित्रात वक्र का, आणि पूर्ण ग्रासलेला चंद्र काळा न दिसता तांबूस का, हे दोन प्रश्न पुरेत. चंद्रग्रहण साध्या डोळ्यांनी पाहण्यात कोणताही धोका नाही, हे निःसंदिग्धपणे सांगावे. सूर्यग्रहणाचे तसे नाही. सूर्याकडे थेट पाहिल्याने दृष्टिपटलास कायमची इजा होऊ शकते. म्हणजे 'ग्रहण पाहू नये' हा घरचा निषेध एका बाबतीत योग्य व दुसऱ्या बाबतीत अनावश्यक ठरतो. २ ऑगस्ट २०२७ रोजी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण व्हावयाचे आहे. पावसाळी ढगांनी वाट दिली तर पुठ्ठ्यास सुईने छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडण्याचा प्रयोग मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली अवश्य करावा.

अन्नाविषयीच्या दाव्याचीही परीक्षा करता येते. एकाच भांड्यातील भात दोन वाट्यांत घालून ग्रहणाच्या रात्री ठेवावा, एकीत तुळशीचे पान व दुसरीत काही नाही. हाच प्रयोग तितक्याच वेळेसाठी एखाद्या साध्या रात्री करावा. तापमान नोंदवावे. निष्कर्ष ठरविणाऱ्या मुलांस कोणती वाटी कोणती हे ठाऊक नसावे, व तो भात कोणी खाऊ नये. या प्रयोगाचे खरे फळ भाताविषयीचे नसून 'तुलनेसाठी दुसरी वाटी हवी' या कल्पनेचे आहे.

ग्रहणाच्या पाठात इतिहासाचा एक प्रसंग जरूर सांगावा. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ग्रहणे छायेमुळे होतात असे मांडले. वराहमिहिरानेही सहाव्या शतकात तेच सांगितले. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ग्रहणाचे गणित छायेच्याच आधारे केले, परंतु राहू नाकारणाऱ्यांना श्रुतिस्मृतींचा हवाला देऊन दोषही दिला. सुमारे १०३० मध्ये अल्‌ बेरुनीने या विसंगतीविषयी आश्चर्य नोंदविले. आपल्या सातवीतील मुलाची दोन उत्तरे किती जुनी आहेत, हे यावरून दिसेल. गणिती ग्रंथांनी मात्र राहू-केतू या शब्दांचा पुढे निराळा उपयोग केला : चंद्राची कक्षा क्रांतिवृत्तास जेथे छेदते ते दोन बिंदू. चंद्रकक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेस ग्रहण होत नाही. ते या बिंदूंजवळच होते. जुना शब्द टिकला, त्याचा आशय बदलला.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणेशमूर्ती दूध पितात, या वार्तेने देशभर गर्दी लोटली होती. त्याचे कारण पृष्ठताण होय : काठोकाठ भरलेला चमचा ओल्या पृष्ठभागास टेकविला की द्रव पातळ थराने त्यावरून खाली वाहतो. दुधात रंग मिसळला की हा ओघळ उघड दिसतो. वर्गात हा प्रयोग करताना मूर्ती घेऊ नये. गुळगुळीत दगड किंवा काचेची गोटी घ्यावी. तत्त्व तेच सिद्ध होते आणि कोणाच्या देव्हाऱ्याचा अवमान होत नाही.

गृहपाठाविषयी काही पथ्ये सांगणे अवश्य आहे. प्रश्न असा असावा की मूल घरच्या मंडळींचे बोलणे टिपून आणील, त्यांची झडती घेणार नाही. 'तुमच्या घरातील अंधश्रद्धांची यादी करा' हा प्रश्न वाईट होय, कारण त्यात निकाल आधीच दिलेला आहे आणि मुलास आपल्याच आईविरुद्ध साक्षीदार केले आहे. 'ग्रहणाच्या दिवशी घरी काय करतात व त्याचे कारण काय सांगतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहा' हा प्रश्न चांगला. गुण निरीक्षणास, नोंदीस व युक्तिवादास द्यावेत. श्रद्धेस वा अश्रद्धेस कधीही देऊ नयेत. एखाद्या धर्माचे एकच मूल वर्गात असेल, तर त्यास त्या धर्माचा प्रतिनिधी म्हणून उभे करू नये. आणि टीकेची उदाहरणे एकाच समाजाच्या आचारांतून निवडू नयेत.

हे सर्व केल्यावरही एखादे मूल विचारीलच, 'मग गुरुजी, देव आहे की नाही?' तेव्हा शिक्षकाने उत्तर टाळू नये व निकालही देऊ नये. या प्रश्नाविषयी थोर माणसांत मतभेद आहेत, तो आपल्या काठीने व मुठीने मोजून सुटणारा नाही, आणि त्याचा विचार तुला आयुष्यभर करता येईल, असे सांगावे. मात्र ग्रहणाविषयी, छायेविषयी व दुधाच्या ओघळाविषयी त्याने हीच संदिग्धता दाखविली, तर तो कर्तव्यास चुकला असे म्हणावे लागेल. जेथे मोजता येते तेथे ठाम असावे आणि जेथे येत नाही तेथे नम्र असावे. हा भेद शिक्षकाच्या वागण्यातून दिसला, तर मुलास दोन उत्तरे पाठ करण्याची गरज उरणार नाही. घरी व शाळेत त्यास एकाच तोंडाने बोलता येईल, आणि या वयात त्याहून मोठे शिक्षण क्वचितच असेल.