बाळ गेलेल्या आईला 'विसरून जा' म्हणू नका!

आपल्या वस्तीत जाणते माणूस गेले की पुण्यानुमोदनाला सारा समाज जमतो. पण मूल पोटातच दगावले किंवा जन्मून चार दिवसांत गेले तर काय होते? पुरुष मंडळी गुपचूप पुरून येतात. आईला त्याचे तोंडही पाहू देत नाहीत. वर सर्वांचा एकच सल्ला, "विसरून जा, दुसरे होईल." आणि ग्रहणात बाहेर का गेलीस, असा ठपकाही तिच्यावरच! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ग्रहण आणि नजर कुठून आली, हा आमचा सवाल आहे.

हे दुःख आपल्या चळवळीला परके नाही. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे बाबासाहेब आणि माता रमाईंनी गमावली. राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ साली, मुंबई विधिमंडळात बाबासाहेब कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये प्रसूती साहाय्याची तरतूद आली.

किसा गोतमीची गोष्ट आपण विहारात ऐकतो. तथागतांनी तिला 'रडू नकोस' म्हटले नाही. मरण न पाहिलेल्या घरातून मोहरी आणायला सांगितले. दारोदार फिरताना तिने इतरांचे दुःख ऐकले आणि आपले सांगितले. दुःख बोलल्याने हलके होते, हे त्यातले मर्म आहे. आजचा समुपदेशक हेच शास्त्रशुद्ध पद्धतीने करतो.

सरकारी दवाखान्यात मात्र बाळ गेलेल्या बाईची खाट पुष्कळदा बाळंतिणींच्याच रांगेत असते. शेजारी दुसऱ्याचे लेकरू रडते आणि हिला पान्हा फुटतो. बाळ नसले तरी दूध येणार, ते कसे थांबवायचे, हे सांगायलाही कोणी नसते. मूल कशाने गेले, पुढच्या खेपेला काय जपायचे, हे समजावून सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. बापाला तर कोणी विचारतच नाही. महिनोन्‌महिने झोप नाही, जगणे नकोसे झाले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके गेली. अशा वेळी चौकशी आणि भरपाईची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण घरी परतलेल्या आईच्या मनाचे काय?

कायदा काय सांगतो? गर्भपात झाल्यास सहा आठवडे पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ९ मध्ये होती. ती आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. मूल मृत जन्मले किंवा जन्मताच दगावले तर केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २०२२ पासून ६० दिवसांची विशेष रजा आहे; तीही दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असतील तरच. मग धुणीभांडी करणारी, ऊस तोडणारी, नाक्यावर उभी राहणारी आपली बहीण? तिला एक दिवसाचीही पगारी रजा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १८ मात्र प्रत्येकाला सरकारी मानसोपचाराचा हक्क देते. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक प्रसूतिगृहात प्रशिक्षित समुपदेशक हवा. अशा मातेला वेगळी खोली हवी. आईबापांना बाळ पाहण्याचा, त्याला नाव देण्याचा हक्क हवा. असंघटित स्त्रियांना रजेइतकी भरपाई हवी. बाळ गेले तरी आशाताईच्या घरभेटी थांबू नयेत.

सरकार करील तेव्हा करील. विहार आपलेच आहेत. भिक्खू संघाने या लेकरांसाठीही पुण्यानुमोदन करावे, महिला मंडळाच्या दोघी-तिघींनी त्या घरी जावे, त्या मुलाचे नाव घ्यावे आणि आई बोलेल ते ऐकून घ्यावे. गरज दिसली तर तिच्यासोबत दवाखान्यात जावे. करुणा म्हणजे याहून वेगळे काय असते?

जय भीम!