बर्फाच्या ओघात ‘फ्राम’

दक्षिण ध्रुव खंडावर, तर उत्तर ध्रुव महासागरात आहे. त्या महासागरावरील सागरी बर्फ, म्हणजे समुद्राचेच पाणी गोठून झालेला तरंगता थर, वारा आणि प्रवाह यांच्या जोराने अखंड सरकत असतो. सायबेरियाच्या उत्तरेस १८८१ मध्ये बर्फाने चिरडलेल्या ‘जीनेट’ या अमेरिकी जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले, तेव्हा या हालचालीचा भक्कम पुरावा हाती आला. बर्फाशी झुंजण्याऐवजी जहाज त्यातच गोठू दिले, तर तोच ओघ ते ध्रुवाच्या आसपास नेईल, असा निष्कर्ष नॉर्वेचे संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांनी त्यावरून काढला. त्यांच्यासाठी कॉलिन आर्चर यांनी बांधलेल्या ‘फ्राम’चा तळ मुद्दाम गोलसर होता, कारण दोन्ही बाजूंनी दाब वाढताच जहाज चिरडले न जाता वर उचलले जाणे आवश्यक होते.

सप्टेंबर १८९३ मध्ये बर्फात अडकलेले ‘फ्राम’ ऑगस्ट १८९६ मध्ये स्वालबार्डजवळ मोकळे झाले. मधल्या काळात नान्सेन आणि यालमार योहान्सेन यांनी जहाज सोडून कुत्र्यांच्या घसरगाड्यांसह ध्रुवाकडे कूच केले आणि ८६ अंशांपलीकडे, तोवर कोणीही न गाठलेल्या अक्षांशापर्यंत मजल मारली. ध्रुव मात्र दूरच राहिला.

मोहिमेची खरी कमाई बर्फाखाली होती. हा समुद्र उथळ असावा, या समजुतीने नेलेली खोली मोजण्याची दोरी तोकडी पडल्यामुळे जहाजावरील पोलादी तारांचा दोर उलगडून नवी दोरी तयार करावी लागली, आणि तिने ३,००० मीटरहून अधिक खोली दाखवली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पृष्ठभागाचे पाणी गोठणबिंदूजवळ असताना सुमारे २०० मीटरखाली शून्य अंशाहून अधिक तापमानाचे पाणी आढळले. अटलांटिकमधून येणारे हे पाणी उबदार असले तरी अधिक खारट, म्हणून अधिक घन असल्याने, नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे हलक्या झालेल्या थंड थराखाली जाते, आणि हा वरचा थर खालच्या उष्णतेपासून बर्फाचे रक्षण करतो.

गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१४ मध्ये स्वालबार्डच्या कोंग्सफियोर्डमध्ये बसवलेली ‘इंडआर्क’ वेधयंत्रणा पाण्याचे तापमान आणि क्षारता यांचीच नोंद घेते. हे उबदार पाणी वर येऊ लागल्यास बर्फ खालूनही वितळतो. त्यामुळे ध्रुवीय बर्फाचे भवितव्य जाणायचे, तर हवेइतकेच लक्ष त्याखालील समुद्रावर ठेवणे अपरिहार्य आहे.